खालच्या कोपऱ्यातलं नाव

“इतकी म्हातारी काऊन काढायची वो मॅडम? जराशी तरणी करतो ना,” शिडीवरून भूमेश्वरी म्हणाली.

“नको. मला हिचं हेच चित्र मिळालं,” खाली उभ्या पुष्पांजली मॅडम म्हणाल्या.

२००९ हे खगोलशास्त्राचं वर्ष, म्हणून आमगावजवळच्या त्या मुलींच्या शाळेने व्हरांड्याच्या भिंतीवर शास्त्रज्ञ रंगवायला घेतले होते. बाकीचे सगळे पुरुष काढून झाले. शेवटची चौकट मॅडमनी हट्टाने या टोपीवाल्या बाईसाठी राखली होती. कॅरोलिन हर्शेल. भाऊ दुर्बिणीचा आरसा घासत बसे, मध्येच हात सोडता येत नसे, तेव्हा ही त्याला घास भरवायची. पुढे हिने स्वतः धूमकेतू शोधले.

“पण पोरींना विचारा. भावाचंच नाव सांगतील,” मॅडम म्हणाल्या.

भूमेश्वरीने ब्रश रंगात बुडवला. बोलणार काय, कपाळ! आमगावच्या कितीतरी पाट्यांखाली ‘डोमनलाल पेंटर’ अशी तिच्या दादाची सही होती आणि त्यांवरचे चेहरे सगळे हिच्या हातचे. “बाईचं नाव पाहून गिऱ्हाईक बिचकते वं,” दादा म्हणायचा. पुढे त्याचा हात थरथरायला लागला, तशी त्याची सहीसुद्धा हीच करू लागली. मागच्या उन्हाळ्यात दादा गेला. आता घरात भांडायलाही कोणी उरलं नव्हतं.

“आणि हो, खाली तुमचं नाव टाकायचं. माझी अटच आहे,” असं बजावून मॅडम वर्गावर निघाल्या.

“माहं?” ती शिडीवरून वाकली. “टाकतो ना! काऊन नाही टाकू?”

दुपारभर ती खुशीत होती. म्हातारीचे डोळे तर असे उतरले की वा! नावाला लाल रंग घ्यायचा, ठळक, हेही तिने ठरवून टाकलं. काम संपवून ती ब्रश धूत होती, तेवढ्यात मॅडम चहा घेऊन आल्या आणि कोपऱ्याशी वाकल्या.

“डोमनलाल कोण हो?”

भूमेश्वरीने कोपऱ्याकडे पाहिलं. लाल, ठळक, शेवटच्या ‘ल’ला दादाच्या ढबीची लांब शेपटी. हात मेला सवयीनेच चालला होता.

“भाऊ होय माहा. गेला तो. पुसतो मी, ओलंच हाये.”

तिने रॉकेलचं फडकं घेतलं. अर्धं नाव पुसलं आणि तिला भडभडून आलं. दादाला आपणच आपल्या हाताने पुसून राहिलो, असं वाटलं. “मेल्यावरबी पिच्छा सोडत नाहीस गा,” ती पुटपुटली आणि उरलेलं पुसलं.

मग तिने ‘भूमेश्वरी’ लिहिलं. सगळ्या बाजाराची नावं रंगवणारी बाई, पण स्वतःचा ‘भू’ पहिलीतल्या पोरीसारखा वाकडा आला.

“छान!” मॅडम म्हणाल्या आणि बस गाठायला निघून गेल्या.

शाळा सुटली होती. शिडी उचलता उचलता भूमेश्वरी मागे वळली.

“पाह्य ना गा दादा, बरोबर आलं का?”

व्हरांड्यात कोणी नव्हतं. रंग वाळेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. घरी तरी कोण वाट पाहत होतं?