पाच नंबर कोणाकडे

“बाबा, आता काय दिसतंय?” मुलीने फोनवर विचारले.

“काही नाही. तू येतेयस का?”

“गोल फिरतंय नुसतं. आणि मग तेच. संपर्क होऊ शकला नाही.”

मी बायकोच्या खुर्चीत बसलो होतो. खुर्ची हिच्या उंचीची, त्यामुळे माझे गुडघे टेबलाखालच्या फळीला लागत होते. ती वर करायचा खटका मला माहीत आहे, पण मी तो ओढला नाही. कॉम्प्युटर हिचा. ही गेल्यापासून परवापर्यंत तो बंदच होता.

माझी बायको गेम खेळायची हे मी कोणाला सांगितले तर लोक आधी हसायचे. खेळ कसला, गावच होते ते. लाकूड तोडायचे, दगड गोळा करायचे, घर बांधायचे, वाट काढायची. मुलगी नोकरीसाठी परदेशात गेली तेव्हा तिनेच आईला हे वेड लावले. रविवारी दोघी एकाच वेळी त्या गावात शिरायच्या. कानाला हेडफोन लावून ही आतल्या खोलीत बोलत असायची. “अगं, ती भिंत वाकडी झालीय, पाड आधी.” मी चहाचा कप ठेवून जायचो. एकदा म्हटले, नसलेल्या गावात किती राबशील? तर म्हणाली, “तुमच्या पाइपातलं पाणी तरी कोणाला दिसतं हो? नळाला आलं की कळतं.”

मी पाणीखात्यात होतो. व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, लाइन कुठे अडली ते शोधायचे. नोकरी संपेपर्यंत तेच केले. माझे जे काही डोके आहे ते तेवढ्या कामापुरते आहे.

गाव आपल्या घरातल्या कॉम्प्युटरवर आहे, मुलगी तिकडून त्यात येते, एवढे हिने मला सांगितले होते. दोघींचा एक पूल अर्धा राहिला होता. नंतर हिचे दवाखाने सुरू झाले. मुलीला शेवटी यायचे होते, पण ती पोचायच्या आत सगळे संपले होते. ती आली, राहिली, परत गेली. तेव्हा तिने त्या खोलीचे दारही उघडले नाही. परवा मात्र अचानक म्हणाली, “बाबा, मला पूल पुरा करायचाय.”

ते सगळे कॉपी करून तिकडे पाठवता येते, हेही तिनेच सांगितले. मी म्हटले, मग सोपे आहे की. ती म्हणाली, “तसं नको. मला आईकडे जायचंय.”

म्हणून हा खटाटोप. इंटरनेट कंपनीला फोन झाला. तिथल्या बाई बोलायला चांगल्या होत्या. राउटर बंद करून चालू करा म्हणाल्या, ते मी आधीच केले होते. पुन्हा करा म्हणाल्या, पुन्हा केले. शेवटी म्हणाल्या, मागच्या भोकात टाचणी खुपसून दाबून धरा, म्हणजे तो नव्यासारखा होईल. टाचणी मी हातात घेतलीही होती. मुलगी फोनवर जवळजवळ ओरडलीच. आईने त्यात केलेले सगळे पुसले जाईल म्हणाली. मी टाचणी परत डबीत टाकली.

मग तिने मला राउटरच्या आतले पान उघडायला लावले. पासवर्ड तिला माहीत होता. मी चष्मा बदलला.

“त्यात आईने एक नियम घातलाय बघा. बाहेरून गेमसाठी कोणी आलं की त्याला कुठे पाठवायचं. काय लिहिलंय?”

लांबलचक आकडा होता. शेवटी पाच. मी वाचून दाखवला.

“बरोबर. पाच म्हणजे आईचा कॉम्प्युटर. घरातल्या प्रत्येक वस्तूला राउटर असा एकेक नंबर देतो.”

“मग व्हॉल्व्ह उघडाच आहे की.”

“उघडाच आहे. तरी मी आत येत नाही.”

आमच्या कामात असे व्हायचे. व्हॉल्व्ह उघडा, पाइप धडधाकट, आणि नळ कोरडा. अशा वेळी पाणी दुसरीकडे कुठे तरी जात असते. मी मुलीला तसे म्हटले. ती विचारात पडली. मग म्हणाली, “बाबा, आता घरात कुठल्या कुठल्या वस्तू जोडल्यात ते दुसऱ्या पानावर दिसेल. वाचा.”

पान उघडले. दोनच ओळी होत्या. हिने प्रत्येक वस्तूला स्वतः नाव दिले होते, इंग्रजी अक्षरांत. पहिल्या ओळीला ‘माझा’ लिहिले होते, आणि पुढे आकडा. शेवटी आठ.

“आठ? आईचा आठ झालाय?” मुलगी म्हणाली. “इतके महिने बंद होता ना, राउटरने तिचा नंबर काढून घेतला. पाच कोणाला दिलाय मग?”

मी दुसरी ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“बाबा?”

“अहो,” मी म्हणालो.

“काय?”

“तसंच लिहिलंय. ‘अहो’. पाच नंबर.”

माझा मोबाइल होता तो. घरात माझ्या नावाची तेवढी एकच वस्तू.

मुलगी हसली, आणि हसता हसता तिला नाक पुसावे लागले. “म्हणजे मी दोन दिवस तुमच्या खिशात येतेय,” ती म्हणाली.

पुढचे तिने नीट सांगितले आणि मी एकेका बोटाने केले. पाच नंबर कॉम्प्युटरच्या नावावर कायमचा बांधून टाकला. आता तो बंद पडला तरी हा नंबर दुसऱ्या कोणाला जाणार नाही म्हणाली. माझ्या मोबाइलला वेगळा नंबर मिळाला. राउटर पुन्हा एकदा बंद करून चालू केला. मग मी गाव उघडले.

ही जिथे शेवटची उभी होती तिथेच उभी होती. म्हणजे गेममधली ही. नदीच्या काठावर, अर्ध्या पुलाशी, निळा अंगरखा, हातात एक फळी. मी याआधी तिला कधी इतक्या जवळून पाहिले नव्हते.

व्हॉल्व्ह उघडला की मी सायकलवरून लाइनीच्या शेवटच्या घरी जायचो आणि नळ सोडायला सांगायचो. तिथे पाणी आले की काम झाले.

“पोचलं का?” मी विचारले.

पलीकडच्या काठावर लाल टोपीची एक आकृती आली. “पोचले, बाबा.”

माझा हात माऊसवर होता, तो जरा हलला. हिने मान वळवली. मी दचकलो.

“हात काढा बाबा. आई आहे तिथेच राहू दे. फळ्या मी लावते.”

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ती तिकडून एकेक फळी लावत पुढे सरकत होती. मध्येच लाकूड तोडायला जाऊन आली. मधली फट अरुंद होत गेली. शेवटी एका फळीएवढी राहिली.

“माझ्याकडच्या संपल्या,” मुलगी म्हणाली. “आईच्या हातात एक आहे ना? डावं बटण. एकदाच दाबा.”

मी दाबले. फळी बसली. हिचे हात रिकामे झाले.

लाल टोपी पूल ओलांडून आली आणि हिच्या शेजारी उभी राहिली. बऱ्याच वेळाने मुलीने सांगितले की तिला आता कामावर जायचे आहे, आणि टोपी दिसेनाशी झाली.

बंद केला तरी नंबर जाणार नाही, हे मला समजले होते. तरी मी कॉम्प्युटर चालूच ठेवला आणि दार लोटून बाहेर आलो.