पुराची रेघ

ऱ्हाईनकाठच्या लिंडेनफुर्टमध्ये प्रत्येक मोठ्या पुराची रेघ नगरभवनाच्या भिंतीवर कोरतात. पाहुण्यांना गाव दाखवणारी हेडविग तिथे थांबून नेहमी सांगायची, "नगराध्यक्षांपेक्षा आमची नदीच कचेरीत जास्त वेळा येते."

यंदाची रेघ कोरायला पाथरवट स्टुलावर चढला, तेव्हा नगराध्यक्ष म्हणाले, "वीतभर खाली घे रे. पाहुणे बिचकतात. हेडविगबाई, पोट तुमचंही त्यांच्यावरच आहे."

हेडविग भिंतीला टेकली. "वीतभर खाली म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, राइनहोल्टच्या हनुवटीपर्यंत. मग या चौकात तो बुडाला कसा, तेवढं सांगा. पाहुणे विचारतील."

नगराध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली. "पाणी होतं तिथेच कोर," ते पाथरवटाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हेडविगने पाहुण्यांना तोच विनोद सांगितला, नव्या रेघेकडे पाठ करून.