कापणाऱ्याने नंतर उचलायचं

समुद्रकाठच्या वाळूत बसून ताईने खरबूज मांडीवरच्या टॉवेलवर ठेवलं, डाव्या हाताने एकदा चाचपलं आणि भावाच्या घडीच्या चाकूने एका दमात कापलं. चाकू बोथट होता, तरी काप सरळ गेला. फक्त मधोमध गेला नाही. एक भाग चांगलाच मोठा निघाला, दुसरा अंग चोरून बसल्यासारखा.

"उचल," ती म्हणाली.

बारक्याने लहान भाग उचलला. पन्नाशी ओलांडलेल्या, टक्कल पडत आलेल्या माणसाला बारक्या म्हणणारं आता एवढंच एक तोंड उरलं होतं. आईला हल्ली त्याचं कुठलंच नाव आठवत नव्हतं.

ही नेमाची गोष्ट होती. घरात दोन मुलं आणि एक पाव असला की भांडण ठरलेलं, म्हणून बाबांनी कायदा केला होता: एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. चाकू ताईच्या हाती, कारण ती मोठी. पाव, सफरचंद, एकदा तर खोडरबरसुद्धा असंच वाटलं गेलं. दर वेळी एक भाग मोठा निघायचा आणि दर वेळी बारक्या लहान उचलायचा. ताई मनातल्या मनात चरफडायची आणि मोठा भाग खायची.

समुद्रावर यायची कल्पना बारक्याची. तो दूरदेशी लिफ्ट दुरुस्त करायचा, ती गावी कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायची. लहानपणी आईबाबांबरोबर ज्या शहरात समुद्र पहिल्यांदा पाहिला तिथेच भेटू, असं त्याने ठरवलं आणि तिकिटंही काढली. आल्यापासून दोघं जुन्या खुणा शोधत हिंडत होते. तेव्हा उतरले होते त्या लॉजच्या जागी चष्म्यांचं दुकान झालं होतं. बाबा पाण्यात उतरायला घाबरून चपला सांभाळत बसले होते तो कठडा मात्र तसाच होता. दोघं त्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसले. ताईचा तेव्हाचा फ्रॉक पिवळा की हिरवा, यावर अख्खी सकाळ गेली.

पण ताई काही फ्रॉकसाठी आली नव्हती. ती एक वाक्य सांगायला आली होती. आईचं आता माझ्या एकटीच्याने होत नाही. आई रात्री उठून कडी काढायची, मुलं शाळेतून आली नाहीत म्हणून जिन्यात उभी राहायची. तिला आणून झोपवायचं आणि सकाळी कापडाच्या थरांवर हात न थरथरता मशीन चालवायची, हे ताईला झेपेनासं झालं होतं. आत्ताही शेजारच्या मावशी आईपाशी होत्या म्हणून तिला येता आलं. वाक्य ओठांवर आलं की बारक्या नेमकी जुनी आठवण काढायचा आणि ते परत गिळलं जायचं. संध्याकाळी त्याचं विमान होतं. लहानपणापासून सगळ्यांना सांभाळून घेणारी ताई मध्येच हात टेकते, असं त्याला वाटलं तर? याची तिला खरंच भीती वाटत होती.

खरबूज गोड होतं. बारक्याचं चटकन संपलं.

"तू कायम लहानच का रे उचलायचास?" तिने विचारलं. बोलायचं होतं दुसरंच.

"तुला मोठा हवा असायचा ना. म्हणून तर वाकडं कापायचीस."

ताईने चाकू खाली ठेवला.

"वेड्या, तुझ्यासाठी ठेवायचे तो. वाढता होतास. किती काडीपैलवान होतास, आठवतंय?"

बारक्याला हसू फुटलं, तिलाही फुटलं. एकाने मन मारून उपाशी राहायचं, दुसरीने मन मारून खायचं, असं दोघांचं बालपण गेलं होतं. हसता हसता ताईचे डोळे भरून आले आणि ते तिने टॉवेलच्या कोरड्या टोकाने पुसले.

"तरी म्हटलं," तो म्हणाला, "कापडावर जिचा हात सूतभर हलत नाही, तिचा पावावर कसा चुकतो."

लाट पायांपर्यंत येऊन गेली. ती ओसरल्यावर मागे वाळू ओली, सपाट झाली होती. ताई वाकली आणि तिने बोटाने एक लांब पट्टा आखला, कापणीआधी खडूने आखते तसा. कडा एकदम सरळ.

"हे एक वर्ष समज," ती म्हणाली. "आईचं."

तिने वितीने माप घेतलं आणि पट्ट्यावर आडवी रेघ मारली. एकीकडे लांबलचक भाग उरला, दुसरीकडे जेमतेम एका ऋतूएवढा. लहान भाग तिने मुद्दाम त्याच्या पायाशी ठेवला होता.

"उचल." आवाज तिला वाटला होता त्याहून बारीक निघाला. "नाही जमलं तरी रागावणार नाही मी. पण आता खरंच दमले रे."

बारक्याने पट्ट्याकडे बघितलं. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं की आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट नीट करून स्वतः चार जिने चढायचा कंटाळा आला, म्हणून तळमजल्यावरचं घर घेतलंय, एक खोली जास्तीची आहे. म्हातारा झालास, असं ताईने चिडवलं होतं. त्यावर त्याने विषयच बदलला होता.

"खोली केव्हाची तयार आहे," तो आता म्हणाला. "मागायचा धीर होत नव्हता. मला वाटलं, आई तुला हवी आहे."



बारक्या उठला. लहान भाग ओलांडून, रेघ पुसू न देता तो पलीकडे गेला आणि लांब भागात मांडी घालून बसला.

"नीट बघ," ताई म्हणाली, "तो मोठा आहे."

"दिसतंय मला," तो म्हणाला, आणि उरलेल्या खरबुजासाठी हात पुढे केला.