सदिच्छा दौऱ्याची चित्रफीत

मित्रांनो, मी एक जुनी चित्रफीत आहे आणि मला माझीच भीती वाटते. ज्या पदार्थापासून मला बनवलं, तो जुना झाला की उकाड्याने आपोआप पेट घेऊ शकतो. आणि एकदा पेटले की मी पाण्यानेही विझत नाही.

जन्म मात्र माझा आनंदात झाला. आमच्या देशाचं पहिलं सदिच्छा मंडळ बोटीने आशियातल्या देशांच्या भेटीला निघालं, तेव्हा एका छायाचित्रकाराने मला कॅमेऱ्यात भरलं. पहिल्याच बंदरावर मंडळाचे प्रमुख नमस्काराला इतके वाकले, की त्यांची टोपी थेट पाण्यात पडली. मग यजमान मंत्र्यांनी आपलीही टोपी काढून पाण्यात टाकली आणि धक्क्यावरची सगळी माणसं हसू लागली. दौऱ्याच्या अहवालात एवढंच आहे, 'स्वागत यथोचित झाले.'

माझ्या शेवटच्या भागात निरोप होता. हमाल, आया, कडेवरची पोरं, सगळे बोटीकडे बघून हात हलवत होते. त्यांची नावं कुणी विचारली नव्हती.

परतल्यावर माझं फार कौतुक झालं. मोठमोठ्या सभागृहांत मला दाखवलं. पुढे सगळे विसरले. पत्र्याच्या डब्यात घालून मला जुनी कागदपत्रं जपणाऱ्या अभिलेखागाराच्या वरच्या फळीवर ठेवलं. खाली त्याच दौऱ्याचे अहवाल, निमंत्रणं, फोटो. मी पेटले असते तर सगळ्यांचीच राख झाली असती.

एका उन्हाळ्यात तिथलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं आणि दुरुस्ती लांबत गेली. माझं अंग चिकट झालं, डब्याचं झाकण फुगलं. मी भीतीने अर्धी झाले.

एका दुपारी अभिलेखपाल बाई दारातच थबकल्या. "अगं बाई, हा आंबूस वास कसला?" झाकण पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांचे साहेब धावत आले. "हात लावू नका! मैदानात नेऊन जाळून टाकू."

"साहेब, हिची दुसरी प्रत नाही."

"आणि इथेच भडका उडाला तर? घरी लेक वाट बघतेय तुमची!"

"म्हणूनच म्हणते, आत्ता हलवू. ती बर्फाची पेटी आणा."

"तुमच्यापुढे कुणाचं काही चाललंय का!" म्हणत साहेबांनी पेटी आणली.

प्रयोगशाळेत तंत्रज्ञाने मला अलगद उलगडलं. "ताई, शेवटचा भाग चिकटून दगड झालाय. बाकीच्याची प्रत निघेल. पण मध्येच अडकली तर पेटेल, आधीच सांगतो. तुम्ही बाहेर थांबा."

बाई हलल्या नाहीत.

यंत्राच्या दात्यांवरून मी जीव मुठीत धरून सरकत होते. अचानक खट्ट झालं. मी अडकले! समोर तापलेला दिवा. तंत्रज्ञाने झटकन तो मालवला, माझी फाटकी कड सोडवली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. पडद्यावर टोपी पाण्यात पडली आणि घामाने भिजलेल्या बाई खुदकन हसल्या.

शेवटचा भाग मात्र कापून मैदानात जाळावा लागला. एकच भडका उडाला आणि ती हात हलवणारी माणसं गेली. "मीच आधी उघडून बघायला हवं होतं," चष्मा पुसत बाई म्हणाल्या.

मित्रांनो, आता मी थंड खोलीत, कागदांपासून दूर आहे. भीती काही गेलेली नाही. तुमच्याकडेही जुने डबे, फिती, फोटो असतील. कुलूप लावलं म्हणजे जपलं, असं समजू नका. अधूनमधून मोठ्यांना ते उघडून बघायला सांगा. आम्हाला हाक मारता येत नाही.