काळ्या गाडीवरचे गोल चरे

चार महिन्यांत तिसऱ्यांदा तीच काळी गाडी दुकानात आली, तेव्हा गौसनं हातातलं फडकं बादलीत आपटलं.

होटगी रोडवर त्याचं गाड्या पॉलिश करायचं दुकान होतं. पांढऱ्या, करड्या गाड्यांचा त्याला कधी ताप नव्हता. काळी मात्र काहीच लपवत नाही. दाक्षायणी मॅडमनी गाडी उन्हात उभी केली आणि बॉनेटवर शेकडो बारीक गोल चरे कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकले.

"मॅडम, मागच्या महिन्यात दोन दिवस घालवून मी हे सगळं काढलं होतं की."

"मग मी काय खोटं बोलते?" कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंचा आवाज चढला. "तुमचं काम महिनाभरसुद्धा टिकत नाही."

वीस वर्षांत गौसला कुणी असं बोललं नव्हतं. त्यानं गाडी आत घेतली आणि मशीन चालू केलं. चरे काढायचे म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर केसभर घासायचा. तो थर परत येत नाही. तिसऱ्यांदा घासताना जपायला हवं, हे त्याला ठाऊक होतं. पण डोक्यात मॅडमचे शब्द फिरत होते आणि हात जरा जास्तच दाबला गेला. बॉनेटच्या कडेला थर गेला. बोराएवढी जागा निस्तेज पडली.

तो मशीन बंद करून खाली बसला. वर मेण चोपडलं असतं तर काही दिवस कुणाला कळलं नसतं. त्यानं फोन लावला.

"मॅडम, माझ्या हातनं बॉनेट खराब झालं. मी रंगवून देतो. पण गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी मला येऊन बघू द्या, ती कोण पुसतंय ते."

"अप्पा पुसतात. माझे वडील. एवढं जपतात गाडीला!"

पाच दिवसांनी गाडी घरी पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गौस फाटकाशी हजर झाला. सत्तरीचे शंकरप्पा जुन्या धोतराचा कोरडा तुकडा घेऊन नव्या रंगावरची धूळ गोल गोल पुसत होते.

"अप्पा, थांबा!"

"का? रोज पुसतो की मी. आरशागत दिसतीया बघ."

"धूळ म्हणजे वाळूच. पाणी न मारता तुमी रोज गाडीला वाळूनं घासताय!"

"पाणी?" शंकरप्पा भडकले. "नळाला पाच दिसांनी पाणी येतंय. आमी प्यावं का गाडीला पाजावं?"

गौसच्या घरीही पिंपं भरायची हीच मारामार होती.

"मग पुसू नका. धूळ बसू द्या."

"दारातली गाडी मळकी म्हंजे घरातली माणसं आळशी. न्हाय जमायचं."

"जमवा! बॉनेट सोडलं तर आता गाडीवर घासायला थरच उरला नाही. यापुढं मी मशीन लावणार नाही."

आवाज ऐकून बाहेर आलेल्या दाक्षायणी मॅडम खाली बघत म्हणाल्या, "गौसभाई, मी तुम्हाला नको ते बोलले."

"असू द्या," तो म्हणाला. पण राग गेला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. म्हाताऱ्यावर, नळावर, की स्वतःच्या हातावर?

आठवड्यानं तो स्कूटरवर बोअरच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन आला. गाडी धुळीनं तपकिरी झाली होती आणि शंकरप्पा तिच्याकडं पाठ करून खुर्चीत बसले होते.

"बघितलं की हात शिवशिवतो," ते म्हणाले.

दोघांनी मिळून गाडी धुतली. पण बोअरचं पाणी जड, क्षारांचं. दुसरी बाजू पुसायच्या आतच उन्हानं सुकली आणि काळ्या दारांवर पांढरे ठिपके उमटले.

"या अल्ला," गौसनं कपाळावर हात मारला.

शंकरप्पांनी चटकन धोतराचा तुकडा उचलला.

"अप्पा, नाही!" गौसनं तो काढून घेतला, मऊ फडकं ओलं करून त्यांच्या हातात दिलं आणि शेजारी उभा राहिला. "हलक्या हातानं. गोल नाही, अप्पा. सरळ. सरळ!"