शार्शेन अध्यक्षांचा चौथीतला मुलगा

आमच्या तोर्पोक-साय गावच्या शाळेत मी शेगडी सांभाळायचो. वर्ग एकच, पहिली ते चौथी सगळी पोरं त्यातच, आणि शेगडी मधोमध. त्यामुळे तिथं जे घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. पुढे जे सांगतोय त्यात मी एक शब्दही वाढवलेला नाही. उलट दोन-चार ठिकाणी कमीच केलंय, कारण सगळं सांगितलं तर लोक मला खोटारडा म्हणतात.

शाळेला पालक मंडळ होतं. पगार नाही, भत्ता नाही. कोळसा उतरवून घ्यायचा, फुटलेल्या काचा बसवायच्या, हिवाळ्यात छतावर चढून बर्फ ढकलायचा आणि मे महिन्यात निकालावर सही करायची. कुणी आनंदाने यायचं नाही. मंडळाची सभा आहे म्हटलं की गावातल्या निम्म्या घोड्यांचे नाल नेमके त्याच दिवशी निखळायचे.

हौस फक्त शार्शेनला. थोरला मुलगा शाळेत आला तेव्हा तो अध्यक्ष झाला, आणि सहा मुलगे एकामागून एक येत गेले म्हणून अध्यक्षच राहिला. नियम असा होता की ज्याचं मूल शाळेत, तोच मंडळावर. मूल चौथी पास होऊन नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत गेलं की पालकही सुटला. नातवंडं धरत नाहीत. हे शार्शेनने घोड्यावरून कचेरीत जाऊन विचारलं होतं, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाऊन पुन्हा विचारलं होतं.

सगळ्यांत धाकटा केंजेबेक चौथीत आला, तेव्हा शार्शेनच्या लक्षात आलं की आता घरात मागे कुणी नाही.

त्या वर्षी निकालाच्या सभेत तो म्हणाला, "या पोराचं वाचन कच्चं आहे."

तेव्हाचे मास्तर म्हणाले, "अहो, सगळ्यांत छान वाचतो."

"वाचतो. पण मनापासून नाही."

बाकीचे सभासद खिडकीबाहेर बघत होते. अध्यक्ष गेला तर अध्यक्षपद आपल्या गळ्यात पडेल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. केंजेबेक चौथीत राहिला. पुढच्या वर्षी गणित कच्चं निघालं, त्याच्या पुढच्या वर्षी हस्ताक्षर. मग विषय संपले, तेव्हा पुन्हा वाचनापासून सुरुवात झाली.

केंजेबेक गुणी मुलगा. बापाला उलट बोलणं आमच्याकडे नाहीच, त्याच्याकडे तर मुळीच नाही. "अता म्हणतात तर काहीतरी असेल," एवढंच म्हणायचा आणि बाकावर जाऊन बसायचा. त्याला मिसरूड फुटलं. मग तो दाढी करून शाळेत यायला लागला. एकदा तपासनीस आले, त्यांनी दारातच त्याचा हात हातात घेऊन शाळेच्या अडचणी विचारल्या. त्याने सांगितलं, "छत गळतं, आणि मला भागाकार देत नाहीत, तो मला येतो म्हणून." तपासनीसांनी दोन्ही गोष्टी लिहून नेल्या. छताचं अजून काही झालेलं नाही.

वर्षातून एकदा मंडळासाठी मेंढी कापली जायची. मेंढीचं डोकं, मानाचं म्हणून, अर्थातच शार्शेनपुढे. तो रिवाजाप्रमाणे कान कापून शाळेतल्या पोराला द्यायचा, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. केंजेबेकने सगळे कान एकट्याने खाल्ले. मला वाटतं, गावात दुसरं कुठलंच पोर कुणाचं ऐकत नाही, त्याचं कारण तेच असावं.

पुढे त्याचं लग्न झालं. लग्नासाठी शाळेला सुट्टी दिली. मुलगी झाली तेव्हा त्याने पालकाच्या सहीची चिठ्ठी आणली: माझ्या मुलाला मुलगी झाल्यामुळे तो उद्या येऊ शकणार नाही, शार्शेन, अध्यक्ष. म्हातारे मास्तर गेले आणि त्यांच्या जागी सोनुन एजे शिकवायला आली. ही सोनुन चौथीत केंजेबेकच्याच बाकावर बसायची. पास झाली, शहरात गेली, शिकली, परत आली, तर बाकावर केंजेबेक तिथंच. तो तिच्यापेक्षा थोडा मोठा, पण आता तिला मान देऊन एजे, म्हणजे ताई, म्हणायला लागला. ती मात्र त्याला केंजेच म्हणायची. सर्दीने तिचा आवाज बसला की तोच वर्ग घ्यायचा आणि मग जागेवर जाऊन स्वतःच दिलेला गृहपाठ उतरवून घ्यायचा.

असंच चाललं असतं. पण केंजेबेकची मुलगी मीरिम शाळेत आली. हुशार पोर. पहिली, दुसरी करत तिसरीत पोचली, आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याच्या बाकापाशी येऊन म्हणाली, "अता, पुढच्या वर्षी मी चौथीत. मग पुस्तक आपल्या दोघांत एकच घ्यायचं का?"

"बघू."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी पलीकडच्या शाळेत जाईन. तेव्हा तुमचा डबा कोण आणणार?"

केंजेबेक शेगडीजवळ माझ्याशेजारी येऊन बसला.

"आके," मला म्हणाला, "आजवर मी काही मागितलं नाही. पण ती माझ्या पुढे जायच्या आत मला पास व्हायचंय. तिच्या वहीत डोकावून लिहायची वेळ आली, तर मी तिच्यासमोर बाप म्हणून कोणत्या तोंडाने उभा राहू?"

सोनुन फळा पुसत होती. ती मागे न वळता म्हणाली, "मी दरवर्षी पासच लिहिते, केंजे. सही होत नाही."

"ते माहितीये, एजे."

"मग सही करणारा बदल. मेमध्ये निवडणूक आहे. मूल शाळेत असलेला कुणीही उभा राहू शकतो. तुझं आहे की."

केंजेबेक घाबरून शेगडीला चिकटला. त्याची विजार मागून करपली, तरी उठला नाही. पण घरी गेल्यावर मीरिम त्याला पाढे म्हणून दाखवायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने नाव दिलं.

शार्शेन सोनुनकडे आला. "विद्यार्थी मंडळावर कसा येईल?"

"विद्यार्थी म्हणून नाही, पालक म्हणून."

"माझ्याविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध नाही हो अक्साकाल, तुम्ही वडीलधारे. शेजारी उभा आहे."

शार्शेनने दाढी कुरवाळली. इतकी वर्षं दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं, त्यामुळे मतं कशी घ्यायची हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ते त्याने आता ठरवलं. म्हणाला, "हात वर करणं नको. बायका एकमेकींच्या मागे लपून अर्धा हात वर करतात. प्रत्येकाने उभं राहायचं आणि माझ्या तोंडावर नाव घ्यायचं. खणखणीत. बघू कोण कुणाचं नाव घेतं ते."

चलाख बेत होता. त्याच्या डोळ्यांत बघून दुसऱ्याचं नाव घेईल असं माणूस अख्ख्या खोऱ्यात नव्हतं. मलाही वाटलं, केंजेबेक म्हातारपणीही चौथीतच राहणार.

सभेच्या दिवशी पुरुष नव्हतेच. बरेचसे रशियात बांधकामावर, उरलेले नाल ठोकायला गेलेले. बाकांवर सगळ्या आया. शार्शेन समोर टेबलाशी बसला, डोक्यावर नवी पांढरी टोपी. सगळ्यांत थोरली सून कानिशाय आधी उठली. तिचं सासऱ्याशी चांगलं होतं, मत त्यालाच द्यायचं होतं. तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि गप्प उभी राहिली.

"बोल, सूनबाई," शार्शेन म्हणाला.

"माझं मत यांना."

"यांना म्हणजे? नाव घे."

"कसं घेऊ, अता?"

"तोंडाने."

कानिशाय लाजेने लाल झाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शार्शेनच्या डोक्यात पडायला अजून वेळ होता. आमचं गाव म्हणजे एकच कूळ. सात पिढ्यांत सोयरीक नाही, म्हणून गावातल्या मुली बाहेर जातात आणि आया सगळ्या बाहेरून येतात. त्या बाकांवरची एकूण एक बाई शार्शेनची सून होती, सख्खी नाहीतर चुलत. आणि सासऱ्याचं नाव सून घेत नाही. शार्शेन हे नाव बुधवारावरून आलेलं, म्हणून आमच्या बायका बुधवारसुद्धा म्हणत नाहीत, मंगळवारनंतरचा म्हणतात. पहिलीतल्या पोरांना आठवड्यात बुधवार असतो हे सोनुनला वेगळं शिकवावं लागायचं.

"बस," शार्शेन म्हणाला. "पुढची."

पुढची उठली, तिने त्याच्याकडे बोट दाखवायला हात उचलला, मग ते आणखी वाईट वाटलं म्हणून रुमालात लपवला आणि बसली. तिसरीने "मंगळवारनंतरचे" असं म्हणून पाहिलं. सोनुनने विचारलं, हे नाव धरायचं का? शार्शेन म्हणाला, धरायचं नाही, नियम म्हणजे नियम. चौथी नुसतीच रडली.

"अता," कानिशाय खालूनच म्हणाली, "गेल्याच महिन्यात तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात, माझ्या सुनांसारखं वळण कुठे नाही म्हणून."

"सांगत होतो."

"मग आज घेऊ नाव?"

शार्शेन टेबलाकडे बघत राहिला. घे म्हणावं तर आयुष्यभर मिरवलेलं वळण गेलं. स्वतःचं नाव स्वतःच घ्यावं तर तो हलकटपणा. त्याला घामही आला, म्हणून मी शेगडीत कोळसा टाकायचं थांबवलं.

"जिला जे नाव घेता येतं ते घ्या आणि मोकळ्या व्हा," तो वैतागून म्हणाला. "संध्याकाळपर्यंत बसायचंय का?"

कानिशाय उठली. "मग केंजेबेक. धाकटा दीर आहे, चालतो."

एकेक उठायला लागली. ज्यांना तो धाकटा दीर, त्या केंजेबेक म्हणाल्या. ज्यांना तो थोरला, त्या उठून, दोघांकडे बघून, खाली बसल्या. केंजेबेकची बायको बुरुल तर नवऱ्याचंही नाव घेऊ शकत नव्हती आणि सासऱ्याचंही. ती बराच वेळ छताकडे बघत उभी राहिली. तिथे गळत होतं.

केंजेबेक स्वतः उठला. "माझं मत अतांना."

"नाव," सोनुन म्हणाली.

"बापाचं नाव मी घेऊ?"

"मग बस."

शेवटी उरली झुराकान, केंजेबेकची आई. ती शार्शेनची बायको, पण पालक होतीच ना. इतकी वर्षं ती सभांना येऊन मागे चहा ओतायची. शार्शेनने मान वर केली. सुना गेल्या तरी हिची खात्री होती. निदान खाली बसेल.

झुराकान उभी राहिली. घाई केली नाही.

"केंजेबेक," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"तुम्हा दोघांतलं एवढंच नाव मला घेता येतं."

सोनुनने निकाल सांगितला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सासरे समोर होते.

निकालपत्रं द्यायचा दिवस आला. रीतीप्रमाणे एकेका पालकाला आत बोलावलं जायचं. केंजेबेक टेबलाशी, अध्यक्ष म्हणून. सोनुन बाजूला. नाव पुकारलं, तेव्हा पोरांच्या ठेंगण्या बाकावर शार्शेन येऊन बसला. त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले.

केंजेबेक उभा राहणार होता. सोनुनने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

"अता," तो म्हणाला, "तुमच्या मुलाचं वाचन चांगलं आहे. गणितही."

"वागणूक?"

"मोठ्यांचं ऐकतो."

"जरुरीपेक्षा जास्त," सोनुन म्हणाली.

शार्शेन टोपी हातात घेऊन तिची घडी उलगडत बसला. "पाच जण पास केले मी याच टेबलावर," तो म्हणाला. "माझ्या हाताने सही करून. पाचही जण नदी ओलांडून गेले. मग मोठी नदी ओलांडून गेले. आता फोन करतात, मागे क्रेनचा आवाज येतो, काय बोलतात कळत नाही." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "हा एकच नापास झाला. हा घरी आहे."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्याला खुर्ची हवी होती.

केंजेबेकने निकालपत्रावर सही केली. पास. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि बापासमोर सरकवलं.

"अध्यक्षाला गाव सोडून राहता येत नाही, अता. नियम आहे."

"असा नियम मी केला नव्हता."

"मी केला."

"कधी?"

"आत्ताच."

शार्शेनने सोनुनकडे बघितलं. सोनुनने मान डोलावली, जणू नियम तिच्या शहरातल्या कॉलेजात शिकवतात. मग त्याने निकालपत्र उचललं, उजेडात धरून ओळीवर बोट फिरवत वाचलं, आणि बाकावरून उठायला मुलापुढे हात केला.