वाकदरीचा संघ बंद करा

वाकदरीचा कबड्डीचा संघ बंद करावा, हे आसारामचं मत साऱ्या गावाला तोंडपाठ होतं. दर पौषात देवळीच्या जत्रेतला सामना हरला की तो तणतणत परत यायचा, पारावर बैठक मारायचा आणि जाहीर करायचा की आता बास, पुन्हा देवळीचं तोंड बघणार नाही. पुढच्या पौषात मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसलेला माणूस आसारामच असायचा. तो आपल्याच गड्यांना अशा काही शिव्या घालायचा, की त्या ऐकायला देवळीची माणसं मुद्दाम त्याच्याजवळची जागा धरून बसत.

शिव्या घालण्यासारखंच होतं म्हणा. वाकदरीचा संघ पहिल्याच सामन्यात गारद व्हायचा, आणि तोही सगळाच्या सगळा बाद होऊन, लोण चढवून घेऊन. कारण काही गुपित नव्हतं. दसरा झाला की सगळं गाव पोराबाळांसकट ऊसतोडीला उत्तरेकडं, पाटपाण्याच्या मुलखात निघून जायचं. मागं उरायचे म्हातारे, लंगडे आणि घर राखणारे. त्यांच्यातूनच सात जण उभे करायचे. त्यात एक गिरणीवाला, एक पोस्टमन, हळदीचे हात अजून पिवळे असलेला एखादा नवरदेव आणि दम लागला की मैदानातच फतकल मारणारा सरपंचाचा मेव्हणा. या फौजेनं काय दिवे लावायचे होते?

त्या साली बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. पारावरच्या रेडिओवर विजयाच्या बातम्या अजून चालू होत्या, आणि त्यातच देवळीच्या पंचांचा निरोप आला. ज्या संघाला यंदा एकही सामना जिंकता येणार नाही, त्याचं नाव पुढच्या सालापासून घेतलं जाणार नाही. खेळायची हौसच असली तर सकाळी शाळेच्या पोरांबरोबर खेळावं.

"बेस झालं," आसाराम म्हणाला. "आपल्याला बंद कराया लाज वाटत हुती. त्यांनीच केला."

शेजारी पुंजाराम शिंपी बसला होता. गावात आशा नावाची वस्तू शिल्लक असलीच तर ती याच्याकडं. "आजून यंदाचा सामना हाय की," तो म्हणाला.

"आन् कशाच्या जोरावर जिंकशील? सुईदोऱ्याच्या? फौजंनं पंधरवड्यात आख्खा मुलूख सोडवला, आन् आपल्याला देवळीच्या अंगनातनं एक गडी जित्ता म्हागारी आनता येत न्हाई."

"छगन असता तर आला असता."

छगन आसारामच्या धाकट्या भावाचा मुलगा. तो चढाईला गेला की समोरचे सात जण कोपऱ्यात चेंगरत. पण हे गावानं बघितलं होतं ते चैत्रात, घरच्या मैदानावर. पौषात छगन बायकोबरोबर उसाच्या फडात असायचा.

"मुकादम सोडतोय व्हय," आसाराम म्हणाला. "खाडा पडंल."

तोडीच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधायच्या. एक जण नसला की दुसऱ्याच्या हाताला काम उरत नाही, आणि कोयता बसून राहिला की फडावर आलेला ट्रक अर्धाच भरतो. म्हणून खाडा म्हटलं की मुकादमाचं डोकं फिरतं. बायको बाळंत झाली तरी तो आधी बदली माणूस कुठाय म्हणून विचारतो.

संध्याकाळी घरी जाईपर्यंत आसाराम संघाला, पंचांना आणि पुंजारामला शिव्या देत होता. सकाळी त्यानं शेरडं पुंजारामच्या दारात बांधली आणि उत्तरेकडच्या एस.टी.त जाऊन बसला. कुठं चाललाय ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पुंजारामनं विचारलंही नाही.

वाकदरीच्या टोळीचा तळ कारखान्याच्या वाटेवर होता. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोप्यांची रांग, पलीकडं मोकळं रान आणि त्याच्या पल्याड दुसऱ्या टोळ्यांचे तळ. सहादेव मुकादमानं सगळं ऐकून घेतलं.

"सोडतो," तो म्हणाला. "पन खाडा नको. बदली मानूस कुठाय?"

"हा काय, उभा हाय."

सहादेवनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आसारामनं पन्नाशी ओलांडली होती, आणि कमरेनं दगा दिल्यापासून त्यानं कोयता हातात धरला नव्हता. "आसारामभाऊ, तुमची कमर?"

"कमर माजी हाय. तुमाला ट्रक भरल्याशी मतलब."

छगनला आधी आनंद झाला, मग त्याच्या ध्यानात आलं. "आन् तात्या, तुमी हितं ऱ्हायल्यावर सामना कसा बघनार?"

एस.टी.त बसल्यापासून आसारामला हेच खात होतं. कमरेपायी तोड सोडून गावात राहिल्यापासून त्यानं देवळीचा एकही सामना चुकवला नव्हता, आणि ज्या साली जिंकायची आशा होती तोच नेमका चुकणार होता. त्याला रडू आलं असतं, पण पुतण्यापुढं कसं रडायचं. "तुजं तोंड बघायची हौस न्हाई मला," तो खेकसला. "एक सामना जिंक आन् ये. ज्यादा न्हाई मागत मी."

सामन्याच्या दिवशी दिवस उगवायलाच आसाराम फडात वाकला. पहिल्या तासात कमरेनं त्याला सगळ्या जुन्या गोष्टींची आठवण करून दिली. मागं लंकाबाई, छगनची बायको, डोक्यावरचा पदर सांभाळत मोळ्या बांधत होती. ती रागावली होती आणि तो राग मोळीची गाठ आवळताना दिसत होता. चुलतसासऱ्याला उलटून बोलायची रीत नव्हती, म्हणून तिनं दुपारपर्यंत कळ काढली.

"मामंजी, एक इचारू का?" भाकर खायला बसल्यावर ती म्हणाली. "दर साली हरत्यात. दर साली तुमी बंद करा म्हनता. मंग जाता कशापायी?"

आसारामनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला. "तिथं गावाचं नाव पुकारत्यात, लंका. वाकदरी म्हनून, भोंग्यातनं. वरीसभरात आपल्या गावाचं नाव दुसरं कोन पुकारतं? एस.टी. फाट्यावरनं वळती, सायबाची जीप फाट्यावरनं वळती. म्हनून नाव पुकारलं की तिथं हाय म्हनाया कुनीतरी आसावं."

"आन् शिव्या देता ते?"

"माजीच मान्सं हायत. दुसऱ्याच्यांला दीन व्हय?"

लंकाबाईनं पदराआड तोंड फिरवलं. हसली की काय ते त्याला कळलं नाही.

ऊन कलायला लागलं तसा फड हळूहळू थंडावला. आसाराम कोयता थांबवून दक्षिणेकडं बघत उभा राहिला. त्याला वाटलं आता मुकादम ओरडणार. पण शेजारच्या सरीतली दगडाबाईही थांबली होती. "सुरू झाला आसंल, न्हाई का?" तिनं विचारलं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, पहिली चढाई छगनलाच द्यायला पाहिजे. दुसरा म्हणाला, छे, आधी त्यांचे गडी दमू द्यावेत. बघता बघता सगळ्या फडात वाद पेटला. कधी देवळीला न गेलेल्या बायका कुणी डावा कोपरा धरावा ते सांगू लागल्या. सहादेव मुकादम काठी घेऊन आला, आणि तोही विचारता झाला की गिरणीवाल्याला यंदा उभा केलाय का बसवलाय. आसाराम चाट पडला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, या संघासाठी जीव जाळणारे दोघंच, तो आणि पुंजाराम.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ट्रक भरून गेला, टोळी तळावर परतली, आणि रस्त्यानं छगन येताना दिसला. गुडघा फुटलेला, मान खाली.

"एका गुनानं," तो म्हणाला. "शेवटची चढाई माजीच. मधल्या रेषंला हात पुरायला वीतभर कमी पडलं. पाय धरला त्यांनी." त्यानं आसारामकडं बघायचं टाळलं. "संपलं, तात्या. पुढल्या साली नाव घेत न्हाईत."

शेजारच्या तळावरचा मच्छिंद्र पाणी न्यायला आला होता. तो चांगला दांडगा गडी, त्याच्या तळाचा संघही तसाच. "मंग काय वाकदरीकर," तो म्हणाला, "आता शाळंत नाव घालायचं का?"

सगळ्या टोळीनं आसारामकडं बघितलं. बंद करा म्हणायची वेळ त्याची होती. आसारामनं तोंड उघडलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की ते शब्द काही केल्या बाहेर येत नाहीत. त्याला भयंकर राग आला होता, आणि पहिल्यांदाच तो राग आपल्या गड्यांवर नव्हता.

"कोन म्हनतो संपलं?" तो म्हणाला.

"आवो तुमीच म्हनता की जलमभर," दगडाबाई म्हणाली.

"मी म्हनीन. दुसऱ्यानं म्हनायचं न्हाई."

तेवढ्यात लंकाबाई पुढं झाली. सासऱ्यादेखत नवऱ्याशी चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती, पण तिला आता पद्धतीचं भान नव्हतं. "तिथं आपलं वरडाया कोन हुतं?" तिनं छगनला विचारलं.

"पुंजाराम शिंपी. आन् त्याचाबी घसा बसल्याला."

"बघा, मामंजी. तिथं येकटा शिंपी आन् हितं सगळं गाव."

आसारामनं कोप्यांच्या रांगेकडं बघितलं. चुली पेटत होत्या, पोरं खेळत होती, चैत्रात छगनबरोबर ज्यांनी घरचं मैदान गाजवलं ते सहाही गडी कोयते पुसत बसले होते. इतकी सालं गाव इथं ठेवून आपण नुसतं नाव देवळीला नेत होतो, आणि वर हरलो म्हणून बोंबलत होतो. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. त्याला स्वतःची कीव आली आणि लगेच ती त्यानं झटकून टाकली.

"ए मच्छिंद्र," तो म्हणाला, "पानी नंतर न्हे. तुजे सात गडी घिऊन ये."

"आत्ता?"

"दिवस मावळायच्या आत."

चुलीतली राख आणून मोकळ्या रानात रेघा ओढल्या गेल्या. मधली रेषा जरा वाकडीच आली. सहादेव मुकादम काठी घेऊन पंच म्हणून उभा राहिला. फुटक्या गुडघ्याचा छगन फडकं बांधून उतरला. दोन्ही तळांवरच्या चुलींवरचं कालवण करपलं तरी कुणी उठलं नाही. वाकदरीच्या बायकांनी असा गलका केला की पलीकडच्या तळांवरची माणसंही कोप्या सोडून आली. लंकाबाईचा पदर खांद्यावर कधी आला ते तिलाही कळलं नाही. आसारामच्या शिव्या त्या गोंगाटात कुणालाच ऐकू गेल्या नाहीत.

आणि तरी वाकदरी हरली. मच्छिंद्रचे गडी दोन वर्षं एकत्र खेळत होते, हे सात जण परगावच्या संघापुढं पहिल्यांदाच एकत्र उभे राहिले होते. अंगावरची माती झाडत मच्छिंद्र आसारामपाशी आला.

"हरलात की, भाऊ."

"हरलो," आसाराम कंबर धरून उठत म्हणाला. घसा पार बसला होता. "आमी कुठं पळून चाल्लोय? हंगाम सरून कारखान्याचा पट्टा पडूस्तवर हितंच हाओत. फड सुटला की उद्या या."